तळटीप : ‘पाळीवरचा तो आवाज’

१. मौजे चोरखमारा, तालुका तिरोडा, जिल्हा गोंदिया. नागझिरा अभयारण्याचे एक प्रवेशद्वार या गावाकडून असून येथील तलावाच्या पाळीवरच प्रस्तुत प्रसंग घडतो. दिवेलागणीस निवेदकाने ऐकलेली ती खसफस सांबराची, वाघाची की आणखी कोणाची, याचा निवाडा लेखकाने कथा संपेपर्यंत तहकूब ठेवला आहे. आणि भयकथेचे खरे भांडवल हेच होय.

ॲन रॅडक्लिफ या इंग्रज लेखिकेचा जो निबंध तिच्या निधनानंतर, १८२६ साली, प्रसिद्ध झाला, त्यात तिने चित्ताला विस्तारणारी धास्ती आणि त्यास गोठवून आकुंचित करणारा थरकाप यांत भेद करून, पहिलीचे मूळ अनिश्चिततेत व अस्फुटतेत असल्याचे प्रतिपादिले. तिच्या १७९४ च्या ‘उडोल्फो’ कादंबरीत नायिका काळा पडदा सारून मूर्च्छित पडते, परंतु पडद्याआड काय होते हे वाचकास शेकडो पृष्ठे कळत नाही. अखेरीस तो मेणाचा पुतळा निघतो, आणि (संपादकाच्या मते) बाईंनी हा पंचनामा केला नसता तर बरे झाले असते.

आपल्याकडे नारायण धारपांच्या ‘समर्थ’कथांत त्राता हजर होताच धास्ती बरीचशी ओसरते. प्रस्तुत लेखकाने ती वाट टाळली. नागझिऱ्यात मुरलेल्या वनरक्षकास सांबराच्या इशाऱ्यावरून वाघाचा अदमास सहज आला असता. सबब निवेदक म्हणून परजिल्ह्यातून नुकताच बदलून आलेला कारकून योजण्यात लेखकाचे धोरण दिसते.
— संपादक