लाकडी चहादाणी आणि डागून काढलेली नक्षी

आजच्या भागात आम्ही अशा एका किटलीची गोष्ट सांगणार आहोत, जिच्यात कधीच चहा ओतत नाहीत. ती असते लाकडाची, लेथवर कातून घडवलेली. तिच्या अंगावरची पानेफुले रंगवलेली नसतात, तापलेल्या टोकाने डागलेली असतात. या कलेला पायरोग्राफी म्हणतात. शब्द ग्रीक आहे, अर्थ 'अग्नीने लिहिणे'. अमेरिका, कॅनडा, इंग्लंड इथे अशा चहादाण्या आज कलावस्तू म्हणून जपल्या जातात. त्यांच्या घडणीत बायकांचा हात किती, हे मात्र फारसे कोणी सांगत नाही.

सुरुवात चहादाणीपासून करू. चीनमध्ये पूर्वी चहाच्या वड्या थापत. 1391 मध्ये मिंग सम्राट होंगवू याने दरबाराला वड्यांऐवजी सुटी पत्ती पाठवावी, असा हुकूम काढला. मग पत्ती पाण्यात मुरवायला झाकणाचे, चोचीचे भांडे हवे झाले. यीशिंग गावच्या जांभळट मातीच्या लहान चहादाण्या तिथूनच नावारूपाला आल्या. 17व्या शतकात जहाजांतून चहाबरोबर त्या युरोपात पोचल्या.

तिकडे चहा फार महाग. म्हणून तो कुलपाच्या डबीत ठेवत आणि किल्ली बहुधा घरच्या बाईकडे असे. 18व्या शतकात अशा काही डब्या फळझाडांच्या लाकडातून, सफरचंद किंवा नासपतीच्या आकारात कातलेल्या असत. सावंतवाडीची लाकडी फळे पाहिलेल्या मैत्रिणींना हे चित्र लगेच डोळ्यांपुढे येईल. चहाशी कातीव लाकडाचे नाते असे जुने आहे.

आता डागण्याकडे वळू. 19व्या शतकात इंग्लंडमध्ये चुलाण्यातली लोखंडी सळई तापवून लाकडावर चित्रे काढत. सळई पटकन निवे, पुन्हा विस्तवात घालावी लागे, रेघ तुटे. उपाय आला तो दवाखान्यातून. फ्रान्सचे डॉक्टर पाकलँ यांनी 1870च्या दशकात जखम डागण्याचे नवे उपकरण काढले. प्लॅटिनमचे पोकळ टोक आधी दिव्यावर तापवायचे, मग रबरी फुगा दाबून त्यात बेन्झिनची वाफ सोडायची. वाफ जळत राहते आणि टोक लालच राहते. आपल्याकडेही वैद्य दुखण्यावर डाग देत. तोच डाग तिकडे नक्षीच्या कामी आला.

1900 च्या आसपास अमेरिकेत या कामाची लाटच आली. न्यूयॉर्कची फ्लेमिश आर्ट कंपनी नक्षी आधीच छापलेल्या लाकडी पेट्या, चौकटी विकू लागली. सीअर्स, रोबकच्या घरपोच मालाच्या सूचीतही त्याचे संच असत. गिऱ्हाईक मुख्यतः बायका आणि मुली. एका हाताने फुगा दाबायचा, दुसऱ्या हाताने लाल टोक चालवायचे, शेजारी पेट घेणाऱ्या बेन्झिनची बाटली. काम सोपे नव्हते, तरी त्याला 'फावल्या वेळचा छंद' म्हटले गेले. त्या पेट्या आजही जुन्या बाजारात मिळतात. छापणाऱ्या कंपनीचे नाव बहुतेकींच्या तळाशी असते, डागणारीचे क्वचितच.

पुढे विजेवर तापणारी लेखणी आली. फुगा दाबणारा हात मोकळा झाला, बेन्झिनचे भय गेले. तिकडे लेथकामही बदलत होते. जेम्स प्रेस्टिनी, बॉब स्टॉक्सडेल यांसारख्यांनी 20व्या शतकात कातीव वाडग्यांना कलेचा मान मिळवून दिला. 1986 मध्ये अमेरिकेत कातकाम करणाऱ्यांची संघटना उभी राहिली. कॅनडाच्या मायकेल होसालुक यांनी लाकडी चहादाण्यांशी मनमुराद खेळ केला. ओहायो स्टेट विद्यापीठात वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या अँडी वुल्फ यांनी कातलेल्या लाकडावर झाडांची पाने अशी डागली, की शीर न् शीर ओळखू यावी.

चहादाणी घडते कशी, तेही ऐका. मेपलसारखे फिकट, बारीक पोताचे लाकूड घेतात, म्हणजे डागलेली रेघ उठून दिसते. लेथवर बाहेरून गोलाई देऊन तोंडातून आत पोखरतात. झाकण वेगळे कातून नेमके बसवतात. चोच आणि कान कोरून जोडतात. पॉलिश कागदाने घासून पेन्सिलीने नक्षी आखली, की मग लेखणी हाती घ्यायची. हात रेंगाळला तर काळा ठिपका, घाई केली तर रेघ फिकी. पोत मऊ-कठीण असेल तिथे वेग बदलावा लागतो. रोगण नेहमी शेवटी, कारण रोगणावर डागले तर विषारी धूर निघतो. खोलीची खिडकी उघडी हवीच. आणि यात चहा ओतला तर? लाकूड फुगेल, सांधे उकलतील. म्हणून ती फक्त पाहायची.

निरुपयोगी म्हणून तिला हसणारे आहेत. आम्हाला तसे वाटत नाही. बायकांनी रोज हाताळलेल्या भांड्याचा आकार आणि बायकांनी घरोघर सांभाळलेली कला, दोन्ही तिच्यात एकत्र आली आहेत. आज दोघांनी मिळून केलेल्या वस्तूवर कातणारा आणि डागणारा, अशी दोन्ही नावे घालतात. शंभर वर्षांपूर्वीच्या बायकांना हे मिळाले नाही.

म्हणून एक सांगणे. तुम्ही गोधडी शिवा, भरतकाम करा, रुखवतासाठी काही करा, मागच्या बाजूला एका कोपऱ्यात आपले नाव आणि साल घाला. बचतगटाच्या स्टॉलवर माल ठेवाल तेव्हाही हे विसरू नका. गटाचे नाव असू द्याच, पण जिने ते केले तिचेही असू द्या. पुढच्या भागात भेटू.