रेशीमकिड्याची कात

रेशीमकिड्याची कात : वाढ होत असताना रेशीमकिड्याच्या अळीने जुनी त्वचा टाकून देण्याची क्रिया. तिला निर्मोचन असेही म्हणतात. तुतीच्या पाल्यावर वाढणारा रेशीमकिडा (बाँबिक्स मोरी) हजारो वर्षे माणसाच्या आश्रयाने जगत आला असून रानात तो आढळत नाही. त्याची अळी फारशी भटकत नाही, पतंगाला उडता येत नाही. म्हणून कीटकाची कात आणि वागणूक घरच्या घरी पाहण्यासाठी हा पाळीव कीटक फार सोयीचा आहे. वाराणसीचा किनखाब आणि येवल्याची पैठणी ज्या धाग्याने विणली जाते, त्याची प्रत अळीच्या काती किती सुरळीत पार पडल्या यावरही अवलंबून असते.

कारण व यंत्रणा : अळीच्या त्वचेचे बाह्य आवरण कायटीन व प्रथिने यांचे असते. ते ठरावीक मर्यादेपलीकडे ताणले जात नाही आणि डोक्याचे कठीण कवच तर मुळीच वाढत नाही. अंड्यातून निघाल्यापासून पूर्ण वाढ होईपर्यंत अळीचे वजन सुमारे १०,००० पट होते. म्हणून २४ ते २८ दिवसांच्या आयुष्यात ती चारदा कात टाकते व पाच अवस्थांतून जाते. पाचवी कात कोषाच्या आत, अळीचा प्यूपा होताना पडते. मेंदूतून मिळालेल्या इशाऱ्यावर अग्रवक्षातील ग्रंथी कातीचे संप्रेरक स्रवतात. ते या ग्रंथींतून येते, हे सोइची फुकुदा यांनी १९४० मध्ये रेशीमकिड्यावरील प्रयोगांतून दाखवले. आडोल्फ बूटेनांट व पेटर कार्लझोन यांनी १९५४ मध्ये सुमारे ५०० किलो प्यूपांपासून त्याचे अवघे २५ मिलिग्रॅम स्फटिक मिळवले, तेच एक्डायसोन.

लक्षणे व वर्तन : कात जवळ आली की अळीची भूक मंदावते. अंग तुकतुकीत व किंचित पिवळसर होते, डोके अंगाच्या मानाने लहान दिसू लागते. रेशमाचे बारीक धागे सोडून ती मागचे पाय बिछान्याला घट्ट रोवते, अंगाचा पुढचा भाग उचलते आणि तशीच निश्चल राहते. शेतकरी याला 'अळ्या मोल्टवर बसल्या' असे म्हणतात. ही बैठक साधारण एक दिवस चालते, चौथ्या कातीला त्याहून अधिक. वरून ती झोप वाटते, पण आत जुन्या त्वचेचा खालचा थर विरघळत असतो आणि नवी त्वचा घडत असते. डोक्याच्या लगेच मागे दिसणारा गडद त्रिकोण म्हणजे आत तयार झालेले नवे डोके. अखेरीस डोक्यामागची त्वचा फाटते. अंगाच्या लाटांसारख्या हालचाली करीत अळी पुढे सरकते आणि रोवलेली कात मागे राहते. भिंगातून पाहिल्यास श्वासरंध्रांमधून जुन्या श्वासनलिकांचे पांढरे तंतू ओढले जाताना दिसतात. डोक्याचे जुने कवच तोंडावरून वेगळे निघून पडते. नुकती बाहेर आलेली अळी फिकट, मोठ्या डोक्याची आणि सैल, सुरकुतलेल्या त्वचेची असते.

संगोपनातील काळजी : या काळात सर्वांत मोठी काळजी म्हणजे अळीला हात न लावणे. धक्का लागून पायांची पकड सुटली, तर कात ओढून धरायला आधार उरत नाही. ती अंगाला अडकून अळी मरू शकते. बहुतेक अळ्या बसल्या की पाला देणे थांबवतात, बिछाना पसरून कोरडा ठेवतात व त्यावर चुना भुरभुरतात. जवळजवळ सगळ्या उठल्यावरच पुन्हा पाला देतात. आधी उठलेल्यांना घाईने खाऊ घातले, तर बॅचमधील अळ्या मागेपुढे होतात, चंद्रिकेवर (कोष विणण्यासाठी ठेवलेल्या चौकटीवर) वेगवेगळ्या वेळी चढतात आणि कोष लहानमोठे निघतात. इतर अळ्या बसलेल्या असताना एखादी न बसता ट्रेच्या कडेने फिरत राहिली, तिचे अंग सुजून चकाकू लागले, तर ग्रासरी या विषाणुरोगाची शंका घ्यावी आणि ती लगेच वेगळी काढावी. अशा अळीच्या अंगातील द्रव दुधासारखा असतो.

वाराणसी व महाराष्ट्र : वाराणसीतील मदनपुरा, अलईपुरा या विणकर वस्त्यांत तुतीचे रेशीम मुख्यतः बाहेरून येते. बनारसी साडी व किनखाब यांना २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. शेजारच्या सोनभद्र व मिर्झापूर भागांत टसर रेशीमकिडे अर्जुन व ऐन या झाडांवर उघड्यावर वाढवतात. ते गडचिरोली, भंडारा भागांतील ढिवर समाजाच्या परिचयाचे आहेत. त्यांच्या कोषाला विदर्भात कोसा म्हणतात. टसर अळीही चारदा कात टाकते, पण झाडावर आणि पक्षी-मुंग्यांच्या धोक्यात. म्हणून राखण करावी लागते. मराठवाड्यात तुती-रेशीम वाढल्यावर २०१८ मध्ये जालना येथे कोष खरेदीची बाजारपेठ सुरू झाली.

घरगुती निरीक्षण : हवेशीर खोका, कागद, औषध न फवारलेला ताजा तुतीचा पाला आणि भिंग एवढे पुरे. प्रत्येक कातीनंतर सापडणारी डोक्याची कवचे कागदावर क्रमाने चिकटवावीत. त्यांची रुंदी दर वेळी जवळपास सारख्याच पटीने वाढते, हा हॅरिसन डायर यांनी १८९० मध्ये अळ्यांबाबत मांडलेला नियम मुलांनाही मोजून पाहता येतो. अखंड धागा काढायचा असेल तर प्यूपा कोषातच मारावा लागतो, हे मुलांना आधीच सांगावे. निरीक्षणासाठी पाळलेले कोष मात्र राखून ठेवावेत. पतंग काही खात नाही व थोडेच दिवस जगतो. मादी साधारण ४०० ते ५०० अंडी घालते. तेवढ्या अळ्यांना पुरेल इतका पाला हाताशी असेल, तरच पुढची पिढी वाढवावी.