‘स्प्रे’ नौकेचें जुनेपण : पुराव्याचा एक प्रश्न

कॅप्टन जोशुआ स्लोकम ह्यानें २४ एप्रिल १८९५ रोजीं अमेरिकेंतील बोस्टन बंदर सोडलें व सुमारें ४६,००० मैलांची पृथ्वीप्रदक्षिणा शिडाच्या नौकेंतून एकट्यानें पुरी करून २७ जून १८९८ रोजीं न्यूपोर्ट येथें नांगर टाकला. असें करणारा तो पहिलाच मनुष्य होय, ह्याविषयीं वाद नाहीं. वाद आहे तो नौकेविषयीं. ‘स्प्रे’ ही शंभर वर्षांची जुनी नौका होती व जुन्या कारागिरांच्या घडणीमुळेंच ती सुकाणूवर माणूस नसतांही सरळ चालत असे, अशीं विधानें अनेक पुस्तकांत निःशंकपणें केलेलीं आढळतात. त्यांस आधार कितपत आहे, हें येथें पाहण्याचें आम्हीं योजिलें आहे.

मूळ साधन एकच, आणि तें म्हणजे स्लोकमचें स्वतःचें प्रवासवृत्त. तें प्रथम ‘सेंच्युरी’ मासिकांत १८९९-१९०० मध्यें क्रमशः व नंतर १९०० सालीं ग्रंथरूपानें प्रसिद्ध झालें. नौकेच्या वयाविषयीं तो तेथें जें सांगतो तें फार सावधपणें सांगतो, ही गोष्ट त्याचा हवाला देणारांनीं ध्यानांत घेतलेली दिसत नाहीं. डेलावेअरच्या किनाऱ्यावर सुमारें शतकापूर्वीं ती कालवें काढण्याच्या कामीं वापरली जात असे, ही त्याच्या मतें ऐकींव गोष्ट. ती कोठें बांधली गेली ह्याची नोंद जकातखान्यांत नव्हती, हें तो स्वतःच लिहितो. पुढें ती कनेक्टिकटमधील नोअँक येथें व नंतर न्यू बेडफर्ड येथें कोणाच्या तरी मालकीची होती, एवढाच तिचा पूर्ववृत्तांत. १८९२ सालीं कॅप्टन एबेन पीअर्स ह्यानें ती स्लोकमला देऊं केली, त्या वेळीं फेअरहेवन गांवीं एका शेतांत ती टेकू देऊन उभी केलेली होती. लेखी पुरावा असा जो म्हणावा तो येथून सुरू होतो.

आतां दुरुस्तीकडे वळूं. घेणारा हा हौशी गृहस्थ नव्हता. १८८७ सालीं ब्राझीलच्या किनाऱ्यावर त्याचें ‘अक्विडनेक’ जहाज फुटलें, तेव्हां त्यानें तेथेंच ‘लिबर्डादे’ नांवाची ३५ फुटांची नौका बांधिली व बायको आणि दोन मुलें ह्यांसह तींतून १८८८ मध्यें स्वदेश गांठला. अशा माणसाच्या हातीं ‘स्प्रे’ आली. त्यानें जवळचाच एक ओकवृक्ष पाडून त्याचा तळाचा कणा केला. फासळ्यांचें लांकूड वाफेंत मऊ करून वांकविलें. नाळेचा खांबही ओकाचाच. पुढें कीलिंग बेटांजवळ त्यानें पोंवळ्याचा खडक दुभंगला, तरी त्यावर ओरखडा उठला नाहीं, असें स्लोकम अभिमानानें सांगतो. बाजूच्या फळ्या जॉर्जियाच्या पाइनच्या, दीड इंच जाडीच्या. फटींत आधीं कापसाचा धागा व त्यावर जुन्या दोरखंडाचे पिंजलेले तंतू ठासले. तक्तपोशी पांढऱ्या पाइनची, डोलकाठी न्यू हँपशरच्या स्प्रूसची. कणा, फासळ्या, नाळ, फळ्या, तक्तपोशी आणि डोलकाठी हीं सर्व नवीं झाल्यावर शंभर वर्षांपूर्वींचें असें काय उरलें, हा प्रश्न वाचकांस सुचल्यावांचून राहणार नाहीं.

तो स्लोकमलाही सुचला होता. जुनी नौका कोठें संपली व नवी कोठें सुरू झाली हें सांगणें कठीण, असें तो कबूल करतो, आणि विमाकारांच्या लॉइड्स संस्थेंतील एका दंडकाचा आधार घेऊन नांव कायम ठेवितो. त्या दंडकानुसार एक एक भाग बदलीत संपूर्ण नवें झालेलें जहाज जुन्याच नांवानें ओळखलें जातें. पोथ्या हाताळणारांस हा प्रकार अपरिचित नाहीं. जीर्ण पानें एकामागून एक उतरून घेत घेत सबंध पोथी नव्या हाताची होते, आणि घरांत मात्र ती पणजोबांचीच म्हणून पुजली जाते. मालकी सिद्ध करण्यास हें पुरेसें असेल. पण अक्षरावरून काळ ठरविणारानें असल्या पोथीवर भिस्त ठेवतां नये.

तथापि एक गोष्ट न्यायाच्या दृष्टीनें सांगितली पाहिजे. फासळी काढून तिच्याच जागीं नवी बसविली असल्यास आकार पुष्कळसा टिकतो. तेव्हां पाण्याखालच्या भागाचें जुनें वळण कायम राहिलें असण्याचा संभव आहे. पाण्यावरचें वळण मात्र त्यानें बुद्ध्याच बदललें. पाण्यावरील भिंत मध्यभागीं १२ इंच, नाळेकडे १८ व पिछाडीस १४ इंच उंच केली. नीरम सिमेंटचें व तेंही आंत पक्कें जखडलेलें. कण्याखालीं शिसें किंवा लोखंड मुळींच नाहीं. स्वयंपाकास सुमारें सहा फूट चौरस खोली, राहण्यास दहा फूट बाय बारा फूट. लांबी ३६ फूट ९ इंच, रुंदी १४ फूट २ इंच. एका माणसानें हांकावयाची म्हणजे ही नौका लहान नव्हे. सामानास ५५३ डॉलर ६२ सेंट लागले व स्वतःची मेहनत तेरा महिने.

बदल तेथेंच थांबले नाहींत. ग्लॉस्टर येथें एक टाकून दिलेली होडी मिळाली, ती त्यानें मध्यें कापून अर्धीच घेतली. तीच त्याची होडी व तीच कपडे धुण्याची कोठी. ब्वेनॉस आयरीस येथें डोलकाठी सात फूट व नाळेपुढील काठी सुमारें पांच फूट आंखूड केली. मॅगेलनच्या सामुद्रधुनींत पोर्ट अँगोस्टो येथें १८९६ मध्यें पिछाडीस दुसरी लहान डोलकाठी उभारली, आणि एका डोलकाठीची ‘स्लूप’ तेथून ‘यॉल’ झाली. थर्स्डे बेटापासून कीलिंगपर्यंतचा २,७०० मैलांचा टप्पा तेवीस दिवसांत झाला व त्यांत तीन तासांहून अधिक वेळ सुकाणू धरावें लागलें नाहीं, ही जी प्रसिद्ध हकीकत, ती १८९७ सालची, अर्थात् बदललेल्या नौकेची. डेलावेअरच्या कारागिरास तिचें श्रेय देणारे हा कालक्रम पाहतच नाहींत.

ह्याउलट, १८९५ मध्यें अझोर्स बेटांपुढें स्लोकम आजारानें रात्रभर पडून राहिला, तेव्हांही ती आपला मार्ग सोडून गेली नाहीं, आणि त्या वेळीं ती स्लूपच होती. म्हणजे नुसत्या पिछाडीच्या शिडानेंही उलगडा होत नाहीं. गुण पोटाच्या आकारांत असावा असें आमचें मत आहे. पण तो आकार कितीसा जुना, हें पुराव्यावांचून ठरवितां येत नाहीं.

प्रवासानंतर ब्रिजपोर्ट येथें नौका पाण्याबाहेर काढून तिचीं मापें काळजीपूर्वक घेतलीं गेलीं व कॅप्टन रॉबिन्स ह्यानें नमुना तयार केला. तीं मापें पुनर्घटित ‘स्प्रे’चीं आहेत, फेअरहेवनच्या शेतांतील सांगाड्याचें माप कोणी घेतल्याचें स्लोकम लिहीत नाहीं. सिप्रियानो आंद्रादे ह्यानें १९०९ सालीं ‘द रडर’ मासिकांत आकृत्यांवरून गणित करून नौकेचा तोल असाधारण असल्याचा निर्वाळा दिला. पुढें जॉन हॅना ह्या नौकारचनाकारानें उलट इशारा दिला कीं अननुभवी माणसानें तिची नक्कल करूं नये. नकला मात्र होत राहिल्या. ऑस्ट्रेलियांत बांधलेली ‘पँडोरा’ १९११ मध्यें हॉर्न भूशिराला वळसा घालून गेली, आणि थोड्याच दिवसांनीं एका लाटेनें उलथून पुन्हां सुलटी झाली. तिच्या गुणदोषांचा भार जुन्या ‘स्प्रे’वर टाकणें आम्हांस प्रशस्त वाटत नाहीं.

मूळ नौका तपासण्याची सोय उरलेली नाहीं. स्लोकम व्हिनयार्ड हेवनहून दक्षिणेकडे निघाला तो नौकेसह नाहींसा झाला. न्यायालयानें १९२४ सालीं त्यास १४ नोव्हेंबर १९०९ पासून मृत ठरविलें. अलीकडील चरित्रकारांनीं पुढें मांडलेला पुरावा मात्र त्याच्या प्रयाणाचें वर्ष १९०८ असें दर्शवितो. ज्या संग्राहकांजवळ कोंकणच्या बंदरांतील गलबतांच्या डागडुजीचे जमाखर्च असतील, त्यांनीं कोणतें लांकूड केव्हां बदललें तेवढ्या ओळी तरी प्रसिद्ध कराव्या, अशी आमची विनंती आहे.