नाण्यावरचा धर्म, तख्तावरचा हक्क

'सिक्कामोर्तब' या आपल्या रोजच्या शब्दातला 'सिक्का' अरबी-फारसीतून आला. इस्लामी राजवटींत नवा राजा दोन गोष्टींनी जाहीर होई : शुक्रवारच्या खुतब्यातले त्याचे नाव आणि नाण्यावरचा त्याचा ठसा. खुतबा मशिदीत जाणाऱ्यालाच ऐकू येई. नाणे मात्र कोणाच्याही कनवटीला जाई. म्हणून राज्य करण्याचा हक्क कोणाकडून मिळाला, हे नाण्यावरच सांगितले जाई.

इराणात ही रीत इस्लामच्या आधीची. इ. स. २२४ मध्ये पार्थियन राजाला हरवून सत्तेवर आलेला अर्दशीर हा मूळचा एका प्रांताचा राजा. आपल्या नाण्यांवर तो पहलवी अक्षरांत स्वतःला मज्देचा उपासक, इराणचा शहेनशाह आणि देवांच्या वंशातला म्हणवतो. मागच्या बाजूला अग्निवेदी आहे.

६५१ मध्ये शेवटचा सासानी राजा यज्दगर्द मारला गेला. तरीही अरब सुभेदारांनी नाण्यांवर खुस्रोचा मुखवटा आणि अग्निवेदी तशीच ठेवली, फक्त कडेला अरबीत 'बिस्मिल्लाह' कोरले. बाजाराला ओळखीची चांदी हवी होती. खलिफा अब्द अल-मलिकने हिजरी ७९ (इ. स. ६९८-९९) पासून चांदीच्या दिरहमांवरून चित्रे काढली आणि कलमा व कुराणातली वचने घातली. आता हक्क वंशाचा नव्हे, वचनाचा होता.

पुढे वचनांतही निवड सुरू झाली. मंगोल इलखान उल्जायतू शिया झाला, तेव्हा त्याच्या नाण्यांवर बारा इमामांची नावे आली. मुलगा अबू सईदने ती काढून चार खलिफांची नावे आणली. १५०१ मध्ये तब्रीझला शाह इस्माईल गादीवर बसला. तेव्हा इराणची बहुसंख्य प्रजा सुन्नी होती, पण नाण्यावर 'अली हा अल्लाहचा वली' हे शब्द उमटले. प्रजेचा पंथ बदलायला पिढ्या लागल्या. टाकसाळीत तो आधीच बदलला होता.

नादिरशाहची अडचण निराळी होती. १७३६ मध्ये सफवी घराणे बाजूला सारून तो शाह झाला. राजवंशाचा आधार नव्हता आणि सफवींचा शिया आग्रहही त्याला नको होता. त्याच्या नाण्यांवर 'अल-खैर फी मा वकअ' हे शब्द आले : जे घडले त्यात कल्याण आहे. अरबी अक्षरांच्या अंकमूल्यांची बेरीज केली की राज्यारोहणाचे हिजरी वर्ष ११४८ निघते.

विरोधकांनी पहिल्या दोन अक्षरांची अदलाबदल केली. 'अल-खैर'चे 'ला-खैर' झाले : जे घडले त्यात कल्याण नाही. अक्षरे तीच, म्हणून बेरीजही ११४८च.

धर्मवचन कोरून राजा हक्क सांगू शकत होता. तो हक्क मान्य करायचा की नाही, हे नाणे वाचणारा ठरवत होता.