शोक आणि अमूर्त चित्रकला

जळगांवच्या मेहरूण तलावाकाठीं बसून एखाद्या चित्रकारानें सायंकाळ रंगविली, तर पाणी, झाडें, परतणारे पक्षी आपण चटकन ओळखतों. परंतु त्यानें एक काळसर पट्टा आणि त्याखालीं विझत जाणारा तांबूस रंग एवढेंच ठेविलें, तर आपण विचारतों, "यांत आहे तरी काय?" पुष्कळदां त्यांत शोक असतो, मात्र तो उघड सांगितलेला नसतो.

जळगांवच्याच बहिणाबाई चौधरी ऐन तिशींत विधवा झाल्या. अक्षरओळख नसतांही शेतांत राबतां राबतां त्यांनीं आपल्या दुःखाला ओव्यांतून वाट करून दिली. त्यांच्यापाशीं शब्द होते. ज्याचें साधन शब्द नव्हे आणि ज्यानें ओळखीची आकृतिही सोडून दिली, त्यानें काय करावें?

येथें सय्यद हैदर रझा यांचें उदाहरण बोलकें आहे. मंडला जिल्ह्यांत १९२२ सालीं जन्मलेले रझा नागपूर व मुंबई येथें चित्रकला शिकले. १९४७ सालीं मुंबईंत प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप स्थापन करणाऱ्यांत ते होते. त्याच वर्षीं देशाची फाळणी झाली आणि त्यांची आई वारली; १९४८ मध्यें वडीलही गेले. भावंडें पाकिस्तानांत गेलीं. रझा येथेंच राहिले, आणि १९५० सालीं शिक्षणासाठीं पॅरिसला गेले.

तेथें कीर्ति लाभली, तरी या चित्रांत आपलें स्वतःचें काय, हा प्रश्न सुटेना. म्हणून ते भारतांत फिरले. आपल्या खानदेशाला लागून असलेलें अजिंठेंही त्यांनीं पाहिलें. बालपणीं गुरुजींनीं भिंतीवर ठिपका काढून त्यांना त्याकडे एकाग्रतेनें पाहावयास लाविलें होतें. तोच आतां 'बिंदु' होऊन परतला. १९८१ च्या 'माँ' या चित्रांत आईचा चेहरा नाहीं. काळा बिंदु आहे, रंगांचीं क्षेत्रें आहेत, आणि अशोक वाजपेयी यांच्या मातेला उद्देशून लिहिलेल्या कवितेची एक ओळ देवनागरींत आहे.

आईच्या मृत्यूपासून या चित्रापर्यंत चौतीस वर्षें लोटलीं होतीं. ताजा शोक आकांत करितो. कलावंताला मात्र रंगाचें वजन आणि रिकाम्या जागेचें माप ठरवावें लागतें, आणि तें ठरवितां ठरवितां शोकाला शिस्त येते. चेहरा काढला असता, तर ती एकट्या रझांची आई राहिली असती. चेहरा नाहीं, म्हणून ती पाहणाऱ्याचीही होते, आणि दुरावलेली मायभूमिही होते.

रझा अखेरीस भारतांत परतले. २०१६ सालीं दिल्लींत त्यांचें निधन झालें, आणि मंडला येथें वडिलांच्या कबरीशेजारीं त्यांचें दफन झालें.