लाकनची काचगृहे

ब्रुसेल्सच्या उत्तरेस, लाकनच्या राजवाड्यालगत, बेल्जियमच्या राजघराण्याची काचगृहे आहेत. दर वसंतात जेमतेम तीन आठवडे ती सर्वांसाठी खुली होतात. कॅमेलियाची जुनी झाडे, नेचे आणि ताड पाहत एका दालनातून दुसऱ्यात जाताना मन भारावते, हे आम्ही नाकारत नाही. मात्र ही वास्तू पाहताना तिची सनावळी हाताशी असावी, असा आमचा आग्रह आहे.

काचगृहे उभारली ती राजा दुसऱ्या लिओपोल्डने. वास्तुविशारद होता आल्फाँस बाला, व्हिक्टर होर्टाचा गुरू. अ‍ॅमेझॉनच्या व्हिक्टोरिया कमळासाठी त्याने १८५४ सालीच लोखंड-काचेचा मुकुटाकार मंडप रचला होता. लाकनचे घुमटाकार ‘हिवाळी उद्यान’ १८७६ मधले, ‘काँगोगृह’ १८८६ च्या सुमाराचे. या दोहोंमध्ये १८८५ हे वर्ष येते. त्या साली काँगोचा अवाढव्य प्रदेश या राजाची जवळजवळ खाजगी मालमत्ता झाला.

म्हणूनच ‘रबराच्या पैशांवर उभी राहिलेली काचगृहे’ हे सरसकट विधान आम्हांला पटत नाही. काँगोगृह बांधले गेले तेव्हा काँगो राजाला तोट्यातच घालत होता. रबराचा ओघ सुरू झाला तो १८९० नंतर, हवेच्या टायरांची मागणी वाढल्यावर. म्हणजे लूट नंतरची, काचगृह आधीचे. वसाहतीची कल्पना प्रथम एका नीटनेटक्या, उबदार बागेच्या रूपात रंगवली गेली, आणि आमच्या मते हे अधिक अस्वस्थ करणारे आहे. प्रत्यक्षातले रबर बागेतले नव्हतेच. ते जंगली वेलींचे होते, आणि ते गोळा करवून घेण्यासाठी बायकांना ओलीस ठेवले जाई, माणसांचे हात तोडले जात. रॉजर केसमेंटच्या १९०४ च्या अहवालाने हे जगापुढे आणले.

जोसेफ कॉनरॅड १८९० मध्ये ब्रुसेल्सच्याच एका कंपनीच्या नोकरीवर काँगोत गेला होता. १८९९ मध्ये प्रथम प्रसिद्ध झालेल्या ‘हार्ट ऑफ डार्कनेस’मध्ये त्याने त्या शहराचे नाव घेतलेले नाही. ही कादंबरी वर्गात शिकवताना कंपनीची कचेरी आणि नदीकाठचे अरण्य यांच्या जोडीला हे तिसरे स्थळही नकाशावर दाखवावे, असे आम्ही सुचवू.

लिओपोल्डने काँगोत कधीच पाऊल ठेवले नाही. १९०८ मध्ये तो प्रदेश त्याला बेल्जियमच्या हवाली करावा लागला. पुढच्याच वर्षी डिसेंबरात लाकनला, काचगृहांलगतच्या ताड-मंडपात, त्याचा मृत्यू झाला.