देवघेवीसाठी आखलेली सीमा : गांबियाची कथा



बेळगावात 'सीमा' हा शब्द उच्चारला की प्रत्येकाच्या मनात १९५६ सालची राज्यपुनर्रचना उभी राहते. आज मी तो विषय बुद्ध्याच बाजूला ठेवला आहे. त्यावर बोलणारे आपल्या गावात पुष्कळ आहेत. भाषेच्या अध्यापनात आयुष्य गेलेल्या माणसाने आफ्रिकेतील एका चिमुकल्या देशाबद्दल का बोलावे, असे कोणी विचारील. राष्ट्र आधी घडते आणि मग त्याच्या सीमा ठरतात, असे आपण सहज गृहीत धरतो. गांबियात नेमका उलटा क्रम घडला. तिथे सीमा आधी आली, आणि तीही कायमची राहील असे ती आखणाऱ्यांनाच वाटत नव्हते.

नकाशा पाहावा. सेनेगलच्या पोटात पूर्वेकडे शिरलेली एक वळणावळणाची पट्टी दिसते. लांबी सुमारे सव्वातीनशे किलोमीटर, रुंदी फार तर पन्नास. मध्ये गांबिया नदी, पश्चिमेस अटलांटिक महासागर आणि उरलेल्या तिन्ही बाजूंना सेनेगल. ब्रिटिश जहाजाने नदीतून तोफा डागल्या आणि गोळे जिथे पडले तिथे सीमा ठरली, अशी एक आख्यायिका सांगतात. आख्यायिका रंजक आहे, पण खोटी आहे. तोफेपेक्षा टाक किती दूर मारा करतो, हे मात्र तिच्यामुळे झाकले जाते.

इंग्रजांचा या नदीशी संबंध जुना. मुखाजवळचे एक बेट त्यांनी १६६१ मध्ये घेतले आणि तेथील किल्ल्यातून पुढे गुलामांचा व्यापार चालवला. १७८३ च्या तहाने सेनेगल नदीचा प्रदेश फ्रान्सकडे गेला, गांबिया नदी इंग्रजांकडे राहिली. १८०७ मध्ये ब्रिटनने गुलामांचा व्यापार बेकायदा ठरवला. त्यावर नजर ठेवण्यासाठी १८१६ मध्ये कोंबोच्या राजाकडून बांजुल बेट मिळवून कॅप्टन अलेक्झांडर ग्रँटने बाथर्स्ट हे ठाणे वसवले. वसाहत म्हणावी तर एवढीच: एक बेट, थोडा किनारा, नदीवरील दोनचार ठाणी. पुढे बराच काळ तिचा कारभार दूरच्या सिएरा लिओनमधून चालला.

अशी वसाहत सांभाळण्यापेक्षा ती फ्रान्सला देऊन टाकावी आणि बदल्यात पश्चिम किनाऱ्यावरील फ्रेंच ठाणी घ्यावीत, हा विचार लंडनमध्ये १८६६ ते १८७६ या दशकात वारंवार पुढे आला. बाथर्स्टच्या व्यापाऱ्यांनी आणि रहिवाशांनी अर्ज-विनंत्या करून विरोध केला, पार्लमेंटातही विरोध झाला, आणि १८७६ मध्ये सरकारने बेत सोडला. मला हे अर्ज फार महत्त्वाचे वाटतात. 'आम्हाला सौद्यात घालू नका' असे तिथल्या माणसांनी म्हटल्याची ही पहिली ठळक नोंद आहे. अर्ज करणाऱ्यांत व्यापारी पुष्कळ होते आणि त्यांच्या मनात राष्ट्रापेक्षा भुईमूग अधिक होता, हेही खरे.

१० ऑगस्ट १८८९ रोजी पॅरिसमध्ये करार झाला. किनाऱ्याजवळ अक्षवृत्ताला समांतर सरळ रेषा आणि पुढे यार्बुतेंदापर्यंत नदीच्या दोन्ही तीरांपासून दहा-दहा किलोमीटर अंतर, एवढीच त्याची मांडणी. नदी वळली की रेषा वळली. मांडिंका, फुला, वोलोफ, जोला यांच्या वस्त्या, राजवटी, सोयरिकी कोठे पसरल्या आहेत, हे त्या मांडणीत कोठेच नव्हते. पुढेमागे अदलाबदल होईलच, ही फ्रेंचांची आशा कायम होती. म्हणून अशा बेढब रेषेचे त्यांना फारसे वैषम्य वाटले नाही. ती आशा फळली नाही. १९०४ च्या करारात यार्बुतेंदा तेवढे फ्रान्सला मिळाले.

रेषेच्या अलीकडे इंग्रजी आणि पलीकडे फ्रेंच, अशा कचेरीच्या भाषा झाल्या. घरातली भाषा दोन्हीकडे तीच राहिली. एकाच आजीची दोन नातवंडे दोन परक्या भाषांत बाराखडी गिरवू लागली, म्हणजे सीमा केवढी खोल जाते हे ध्यानी येते. गुप्तहेर नेमून साधणार नाही ते शाळामास्तरांकरवी साधले. भुईमुगाला जिथे भाव बरा तिथे पोते रात्री सीमा ओलांडून जाई. सरकारे त्याला चोरटा व्यापार म्हणत. शेतकऱ्याच्या लेखी तो शेजारच्या गावचा बाजार होता.

१९६० मध्ये सेनेगल स्वतंत्र झाला. एवढासा गांबिया एकटा कसा टिकणार, हा प्रश्न सर्वांच्या तोंडी होता. संयुक्त राष्ट्रांच्या वतीने ह्यूबर्टस व्हान मूक यांच्या मंडळाने १९६४ मध्ये सेनेगलशी संबंधांचे पर्याय मांडले. दाउदा जवारा यांच्या सरकारने विलीनीकरण टाळून सहकार्याचे करार तेवढे केले आणि १८ फेब्रुवारी १९६५ रोजी देश स्वतंत्र झाला. बाथर्स्टचे बांजुल १९७३ मध्ये झाले. जुलै १९८१ मध्ये जवारा लंडनमध्ये असताना बंड झाले. ते सेनेगलच्या सैन्याने मोडले. त्यातूनच १ फेब्रुवारी १९८२ रोजी सेनेगांबिया हा राज्यसंघ जन्मला. सेनेगलचे अब्दू दियूफ अध्यक्ष, जवारा उपाध्यक्ष. सैन्यापुरते जमले, जकातीपाशी मात्र अडले. गांबियाची जकात हलकी, आणि हलक्या जकातीने आणलेला माल शेजारी पाठवण्यावर बांजुलच्या पेठेचा बराच निर्वाह. समान जकात म्हणजे त्या पेठेवर घाला. १९८९ मध्ये राज्यसंघ विसर्जित झाला. जी रेषा एके काळी मोडायची होती, तीवरच आता लोकांची चूल पेटत होती.

या टिकण्याची किंमत शेजाऱ्याने मोजली. गांबियाच्या दक्षिणेकडील कासामान्स हा सेनेगलचा प्रांत राजधानी डाकारपासून तुटल्यासारखा झाला. तिथे १९८२ पासून फुटीर चळवळ उभी राहिली. तिची कारणे अनेक आहेत, पण मध्ये आडवा पडलेला परका देश हे त्यांतले एक. प्रवाशांना आणि मालमोटारींना नदीवर तरीसाठी ताटकळावे लागे. जानेवारी २०१९ मध्ये फाराफेनीजवळ पूल खुला झाला. त्याची दोन्ही टोके गांबियातच आहेत. डाकारहून कासामान्सला या वाटेने निघालेली मोटार आजही सीमा दोनदा ओलांडते. एकदा पुलाआधी आणि एकदा पुलानंतर.